सल्ला कोणाचा, उत्तर कोणाचे: कोल्हापुरातील एका सल्लागार समितीच्या पुनर्रचनेचे प्रकरण

हे प्रकरण नगर प्रशासनाच्या अभ्यासासाठी रचलेले आहे. त्यातील सल्लागार समिती, तिचे सदस्य, सभा आणि सभांतील चर्चा कल्पित आहेत. कोल्हापूर शहर, त्याच्या पेठा, महापूर, कायदे, योजना आणि त्यांच्या तारखा मात्र खऱ्या आहेत. एखाद्या प्रत्यक्ष समितीचे नाव घेतले की चर्चा तिच्या रचनेवरून घसरून तिच्या अध्यक्षांवर येते, असा अनुभव असल्याने ही वाट धरली आहे.

समिती असून नसल्यासारखी

कोल्हापूर महानगरपालिकेच्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर 2020 मध्ये संपली आणि कारभार प्रशासकांकडे गेला. शहरातील व्यापार-उद्योगाबाबत महापालिकेला सल्ला देण्यासाठी जकातीच्या, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावरील कराच्या, काळात नेमलेल्या समितीत तेव्हा 34 सदस्य होते. त्यांपैकी नऊ नगरसेवक सभागृहाच्या मुदतीबरोबर आपोआप कमी झाले. उरलेल्या 25 जणांत व्यापारी आणि उद्योजक संघटनांचे पदसिद्ध अध्यक्ष, बँकांचे प्रतिनिधी, एक-दोन प्राचार्य, निवृत्त अधिकारी आणि कोणत्या ठरावाने आत आले हे आता कोणालाच सांगता येत नव्हते असे काही ज्येष्ठ गृहस्थ होते. समिती कोणी बरखास्त केली नव्हती, पण तिची सभाही कोणी बोलावत नव्हते.

ही अवस्था जुलै 2021 च्या महापुरात उघडी पडली. ऑगस्ट 2019 च्या महापुरानंतर दोनच वर्षांत पंचगंगेचे पाणी शाहूपुरी आणि लक्ष्मीपुरीच्या बाजारपेठेत पुन्हा शिरले. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत गणेशमूर्तींचे काम ऐन भरात होते, कारण मूर्तीकारांचा हंगाम आणि नदीचा हंगाम दरवर्षी एकाच महिन्यांत येतो. पाणी ओसरल्यावर प्रशासनाला हवी होती ती माहिती तशी साधी होती: कोणत्या गल्लीत कोणता धंदा चालतो, माल दुकानात असतो की घराच्या माळ्यावर, आणि पाणी चढू लागले तर तो हलवायला किती वेळ लागतो. परवाना विभागाच्या नोंदीतून हे कळत नव्हते. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, 2017 नुसार तेव्हा दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनेला नोंदणी करावी लागत नव्हती, केवळ सूचना द्यावी लागत होती. त्यामुळे शहरातील बहुसंख्य छोटे धंदे सरकारी कागदावर पुसटच उमटलेले असतात. ज्या समितीने ही माहिती पुरवायला हवी होती तिला त्या आठवड्यात कोणी विचारले नाही, आणि विचारले असते तरी तिच्यात ना कुंभार होता, ना चप्पल शिवणारा, ना खानावळ चालवणारी बाई.

पुढील वर्षी प्रशासकांनी एका उपायुक्तांना या समितीची पुनर्रचना सुचवण्यास सांगितले. आदेशात ‘समिती अधिक कार्यक्षम व प्रातिनिधिक करणे’ असे शब्द होते. हे दोन्ही गुण एकाच वेळी वाढत नाहीत, ही या प्रकरणाची खरी अडचण आहे, आणि आदेश लिहिणाऱ्याने तिच्याकडे दुर्लक्ष केले होते.

34 सदस्य कसे झाले

समितीचा मूळ हेतू समजण्यासाठी जकात ध्यानात घ्यावी लागते. जकात आणि तिच्या जागी आलेला एलबीटी (स्थानिक संस्था कर) हे महापालिकेच्या तिजोरीचे मुख्य आधार होते, त्यामुळे व्यापाऱ्यांशी बोलणे ही महापालिकेची रोजची गरज होती. 1 ऑगस्ट 2015 पासून राज्य सरकारने वार्षिक 50 कोटी रुपयांपर्यंत उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांना एलबीटीतून वगळले आणि 1 जुलै 2017 रोजी जीएसटी आला. शहरात माल किती येतो आणि विकला जातो याच्याशी महापालिकेच्या उत्पन्नाचा थेट संबंध त्यानंतर उरला नाही. त्याची जागा राज्याकडून मिळणाऱ्या भरपाईच्या अनुदानाने घेतली. व्यापारी आणि महापालिका यांच्यात आता घरफाळा, परवाना फी, पाणीपट्टी आणि महापालिकेच्या मालकीच्या गाळ्यांचे भाडे एवढेच विषय राहिले. समितीची रचना मात्र जकातीच्या काळातलीच राहिली.

सदस्यसंख्या वाढत गेली ती मानापायी. एका संघटनेला जागा दिली की दुसरी मागे, आणि संघटनेत फूट पडली की दोन्ही गटांना जागा. कोणी बाहेर जाण्याची तरतूद नव्हती, कारण मुदतच ठरवलेली नव्हती. अध्यक्षपदी स्वतः आयुक्त असत. म्हणजे आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली भरलेली समिती आयुक्तांना सल्ला देत असे, आणि सल्ला गैरसोयीचा असेल तर तो विषयपत्रिकेवर येतच नसे. सचिवाचे काम परवाना विभागाच्या अधीक्षकांकडे होते. सभेतल्या तक्रारींचा मोठा भाग त्यांच्याच विभागाविरुद्ध असल्याने इतिवृत्त लिहिताना ‘चर्चा झाली’, ‘नोंद घेतली’ आणि ‘प्रशासनाने अभिप्राय द्यावा’ या तीन वाक्यांपलीकडे ते सहसा गेले नाहीत. यात अधीक्षकांचा दोष नाही. स्वतःविरुद्धची तक्रार स्वतःच्या हाताने सविस्तर लिहिण्याची अपेक्षा करणारी व्यवस्थाच चुकीची होती.

छाननी

उपायुक्तांनी सदस्यांची यादी बाजूला ठेवली आणि जुनी इतिवृत्ते मागवली. कोणाला ठेवायचे आणि कोणाला वगळायचे या प्रश्नापासून त्यांनी सुरुवात केली असती तर काम पहिल्याच आठवड्यात अडले असते. त्यांनी प्रत्येक विषयासमोर एकच प्रश्न लिहिला: याचा निर्णय कोण घेऊ शकतो?

विषय चार गटांत पडले. काही निर्णय आयुक्तांच्या अधिकारातले होते, जसे परवान्याच्या अर्जाची पद्धत, बाजारातील दिवाबत्ती आणि कचरा उठावाची वेळ. काहींना सर्वसाधारण सभेचा किंवा स्थायी समितीचा ठराव लागत होता. दर, फी आणि मिळकती भाड्याने देण्याचे प्रश्न यात येत. काही राज्य सरकारचे, वीज कंपनीचे, वाहतूक पोलिसांचे किंवा औद्योगिक विकास महामंडळाचे होते. चौथ्या गटात कोल्हापूर–वैभववाडी रेल्वे, विमानसेवा आणि उच्च न्यायालयाचे खंडपीठ होते. या मागण्या योग्यच होत्या, आणि खंडपीठाच्या मागणीला ऑगस्ट 2025 मध्ये सर्किट बेंचच्या रूपाने यशही आले. पण त्या समितीच्या सभेत मांडल्यामुळे त्यांचे काही पुढे सरकले असे म्हणता येत नाही. त्या पुढे नेल्या त्या रस्त्यावरच्या कृती समित्यांनी, आणि टोलविरोधी आंदोलन केलेल्या शहराला ते काम शिकवावे लागत नाही.

छाननीत दिसले ते असे की सभेचा सर्वाधिक वेळ तिसऱ्या आणि चौथ्या गटांत जात होता, आणि जिथे महापालिका उद्याच काही करू शकली असती तो पहिला गट ‘ऐनवेळच्या विषयां’त ढकलला जात होता. मोठ्या सभेत मोठे विषय शोभतात, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण असे की पहिल्या गटातील तपशील ज्यांना माहीत होते ते सभेत नव्हते. महाद्वार रोडवर मालाची गाडी किती वाजता लागते हे संघटनेच्या अध्यक्षांपेक्षा दुकानातल्या नोकराला जास्त ठाऊक असते.

हद्दीचा पेच

कोल्हापुरात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. शाहू महाराजांनी 1895 मध्ये वसवलेली शाहूपुरीची गुळाची पेठ, गुजरीतील सराफ बाजार, महाद्वार रोड, राजारामपुरी आणि ऑइल इंजिनांच्या काळापासून नावारूपाला आलेले शिवाजी उद्यमनगर हे सारे महापालिकेच्या हद्दीत आहे. पण उद्यमनगरात रुजलेला फाउंड्री आणि मशिनशॉपचा धंदा वाढला तो शिरोली, गोकुळ शिरगाव आणि पुढे कागल-हातकणंगले येथील औद्योगिक वसाहतींत, आणि या तिन्ही हद्दीबाहेर आहेत. 1972 साली महानगरपालिका झाली तेव्हाची हद्द या प्रकरणाच्या काळातही तशीच होती. हद्दवाढीऐवजी 2017 मध्ये 42 गावांसाठी स्वतंत्र प्राधिकरण आले.

परिणामी समितीतील सर्वांत संघटित, अभ्यासू आणि वेळेवर येणारे सदस्य ज्यांच्या वतीने बोलत होते त्या कारखान्यांना महापालिका ना परवाना देत होती, ना त्यांच्याकडून घरफाळा घेत होती. त्यांचे कामगार मात्र शहरात राहतात, त्यांचे सुटे भाग उद्यमनगरात वळवले जातात आणि त्यांच्या गाड्या शहरातून जातात. त्यांना ‘बाहेरचे’ म्हणून वगळणे हास्यास्पद झाले असते. दुसरीकडे त्यांच्या प्रश्नांसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा उद्योग मित्र समिती आहे, जिथे महामंडळ, वीज कंपनी आणि जिल्हा उद्योग केंद्राचे अधिकारी समोर बसतात. तेच गाऱ्हाणे दोन ठिकाणी मांडल्याने दोन्हीकडे त्याचे वजन घटत होते.

पहिला मसुदा आणि त्याचे स्वागत

पहिल्या मसुद्यात 13 सदस्यांची समिती सुचवली होती. जागा संघटनांना न देता व्यवसायाच्या प्रकारांना दिल्या होत्या: घाऊक व किरकोळ व्यापाराला तीन, शहरातील लघुउद्योगाला दोन, कारागिरांना तीन, खानावळी, हॉटेल व यात्रेकरूंशी संबंधित सेवांना दोन, आणि पथविक्रेते, हद्दीबाहेरील उद्योग व बँका यांना प्रत्येकी एक. पदसिद्ध सदस्यत्व रद्द, मुदत दोन वर्षांची, आणि सलग दोन मुदतींनंतर सक्तीची विश्रांती असे तिचे स्वरूप होते.

संघटनांच्या बैठकीत समिती आटोपशीर करण्याला सर्वांनी पाठिंबा दिला. मग एकेक जण उठून आपली संघटना का वगळता येत नाही हे सांगू लागला. एका ज्येष्ठ व्यापाऱ्यांनी शेवटी स्पष्टच विचारले, “साहेब, समिती लहान करा, आमचं काही म्हणणं नाही, पण उद्या महापालिकेनं भाडं वाढवलं तर तुमचे ते तेरा जण दुकानं बंद ठेवू शकतील का?” उपायुक्तांनी हे वाक्य आपल्या टिपणात जसेच्या तसे लिहून घेतले, आणि माझ्या मते संपूर्ण प्रक्रियेतला हा सर्वांत मोलाचा आक्षेप होता. संघटनेची खुर्ची ही तिच्यामागे असलेल्या ताकदीची कबुली असते. ती काढून घेतली तर संघटनेची ताकद तशीच राहते, ती रस्त्यावर दिसते एवढेच.

दुसरा आक्षेप पथविक्रेत्यांच्या जागेवर होता. अंबाबाई मंदिराभोवती आणि महाद्वार रोडवर दुकानदार आणि फेरीवाले यांच्यातील तंटा जुना आहे. दुकानदारांचे म्हणणे असे की पथविक्रेता अधिनियम, 2014 नुसार त्यांची वेगळी समिती आहेच, मग इथेही कशाला? हा युक्तिवाद वरकरणी बिनतोड वाटतो. त्या कायद्याने नगर पथविक्रेता समितीत आयुक्तांना अध्यक्ष केले आहे, किमान 40 टक्के जागा विक्रेत्यांनीच निवडून दिलेल्या प्रतिनिधींना दिल्या आहेत आणि त्यांतील एकतृतीयांश जागा महिलांसाठी आहेत. इतकी नेमकी रचना शहरातील इतर बहुतेक व्यावसायिक गटांना कायद्याने मिळालेली नाही. पण त्या समितीचा विषय जागा, प्रमाणपत्र आणि विक्री क्षेत्र हा आहे. बाजारपेठ म्हणून त्या रस्त्याचे काय व्हावे, हा प्रश्न तिथे येत नाही, आणि दुकानदारांच्या समितीत तो फेरीवाल्यांशिवाय सुटत नाही. उपायुक्तांनी जागा कायम ठेवली, मात्र तिच्यावर पथविक्रेता समितीच्या प्रतिनिधींनी आपल्यातीलच एकाला पाठवावे असे ठरवले, म्हणजे दोन समित्यांत दोन वेगळी तोंडे उरली नाहीत.

कायद्यात कुठे बसवायचे

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात प्रभाग समित्या आहेत, कलम 30 खाली विशेष समित्या आहेत आणि कलम 31 खाली तदर्थ, म्हणजे ठरावीक कामापुरत्या नेमलेल्या, समित्या आहेत. पण विशेष आणि तदर्थ समित्या या मुळात नगरसेवकांच्या समित्या आहेत. बाहेरच्या व्यक्तींची समिती त्या चौकटीत बसत नाही. ती प्रशासकीय आदेशाने किंवा सभागृहाच्या ठरावाने नेमलेली सल्लागार रचनाच राहते, तिला अधिकार देता येत नाहीत आणि तिच्या ठरावाने कोणताही विभाग बांधला जात नाही.

याच कमतरतेतून पुनर्रचनेतले सर्वांत उपयुक्त कलम निघाले. समितीला निर्णयाचा अधिकार देता येत नसला तरी विभागप्रमुखांवर उत्तराची जबाबदारी टाकण्यास आयुक्तांना कोणाची आडकाठी नव्हती. आदेशात असे लिहिले गेले की समितीच्या प्रत्येक शिफारशीला संबंधित विभागाने 45 दिवसांत लेखी उत्तर द्यावे. उत्तरात शिफारस मान्य आहे, कारणासह अमान्य आहे, किंवा विषय आपला नसल्याने अमुक कार्यालयाकडे अमुक तारखेला पाठवला आहे, यांपैकी एक स्पष्ट असावे. ‘अभिप्राय मागवला आहे’ हे उत्तर धरले जाणार नाही. सचिवाचे काम परवाना विभागाकडून काढून नगरसचिव कार्यालयाकडे देण्यात आले, आणि अध्यक्ष बिगरसरकारी सदस्यांनी आपल्यातून निवडावा असे ठरले.

प्रशासकांच्या काळात असा बदल करावा का, हाही प्रश्न उपस्थित झाला. सभागृहाचे अधिकार प्रशासक वापरत असले तरी लोकनियुक्त सभागृहाने नेमलेली समिती अधिकाऱ्याने मोडावी हे खटकणारेच होते. त्यामुळे आदेशात नवे सभागृह अस्तित्वात आल्यापासून सहा महिन्यांत त्याने ही रचना कायम करावी, बदलावी किंवा रद्द करावी, अन्यथा ती आपोआप संपेल, अशी अट घातली गेली.

हितसंबंधांचे कलम लिहायला सर्वांत जास्त वेळ लागला. अधिनियमाच्या कलम 10 मध्ये नगरसेवकांच्या अपात्रतेच्या तरतुदी आहेत, पण सल्लागारांना त्या लागू होत नाहीत. सदस्याने आपल्या व निकटच्या कुटुंबीयांच्या नावावरील महापालिकेचे गाळे, भाडेपट्टे, ठेके आणि थकबाकी जाहीर करावी असा नियम झाला. थकबाकीदाराने समितीत बसू नये, असे लेखा विभागाचे म्हणणे होते. त्यावर चर्चा झाली ती अशी की घरफाळ्याच्या आकारणीविरुद्ध ज्याचे अपील चालू आहे त्याला थकबाकीदार म्हणायचे का? म्हटले तर चुकीची आकारणी करणारा विभागच आपल्या टीकाकाराला बाहेर ठेवू शकेल. अपिलातली रक्कम थकबाकीत धरू नये, असे शेवटी ठरले.

ज्यांची संघटना नाही त्यांचा प्रतिनिधी

कारागिरांच्या तीन जागा भरणे हे कागदावर सोपे होते. एक कोल्हापुरी चप्पल बनवणाऱ्यांना, एक मूर्तीकार व कुंभारांना, एक सोन्या-चांदीच्या कारागिरांना. यांपैकी प्रत्येक धंद्यात विकणाऱ्यांची संघटना आहे किंवा सहज होऊ शकते, बनवणाऱ्यांची नसते. चप्पल लाइनीतील दुकानदार आणि सुभाषनगरात कातडे कापणारा माणूस यांचे हित बऱ्याच वेळा जुळते, पण मजुरी आणि उधारी यांच्या बाबतीत ते एकमेकांच्या समोर उभे असतात. त्यातही वेणी घालण्याचे, म्हणजे पट्ट्यांच्या विणीचे काम करणाऱ्या बायका तर कुटुंबाच्या हिशेबात गृहीत धरलेल्या असतात.

कोल्हापुरी चप्पलला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले ते महाराष्ट्र आणि कर्नाटकातील प्रत्येकी चार जिल्ह्यांसाठी. मानांकन मिळाले म्हणजे प्रत्येक कारागिराला ते वापरता आले असे नाही. त्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळी नोंदणी करावी लागते. जून 2025 मध्ये प्रादा या इटालियन कंपनीने मिलानमधील सादरीकरणात कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि देशभर गदारोळ झाला तेव्हा चर्चा राज्यपातळीवरील व्यापार संघटना आणि चर्मोद्योग महामंडळ यांच्यामार्फत झाली. ते स्वाभाविकही होते. महापालिकेच्या हातात असलेले काम त्याहून बरेच लहान होते: नोंदणीचे अर्ज भरून देण्यासाठी वस्तीतच मदत उभी करणे.

प्रतिनिधी निवडण्याचे तीन मार्ग चर्चेत आले. अधिकाऱ्याने नेमावा, तर तो हो ला हो म्हणणारा असेल. निवडणूक घ्यावी, तर मतदारयादी नाही. तिसरा मार्ग सोडतीचा होता. 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत कुंभार, सोनार आणि पादत्राणे कारागीर यांसह 18 व्यवसाय आहेत, आणि शहरी अर्जदारांची पहिली पडताळणी नागरी संस्थेकडे येते. म्हणजे एक यादी, अपुरी का होईना, महापालिकेकडे तयार होती. तिच्यातील इच्छुकांची नावे जाहीर करून प्रत्येक गटातून सोडतीने एक सदस्य व एक राखीव सदस्य काढावा असे ठरले. प्रभाग आरक्षणाच्या सोडतीची सवय असलेल्या शहरात चिठ्ठी काढण्याबद्दल कोणी शंका घेतली नाही. शंका आली ती वेगळीच: सोडतीत नाव निघालेला माणूस बोलेल का?

पहिल्या दोन सभांत ते बोलले नाहीत. सभा सकाळी अकराला होती, म्हणजे कारागिराची अर्ध्या दिवसाची मजुरी बुडत होती, आणि भत्त्याची तरतूद मंजुरीसाठी लेखा विभागात पडून होती. तिसरी सभा महापालिकेत न घेता शाहूपुरीतील कुंभार गल्लीजवळ सायंकाळी घेण्यात आली आणि चर्चेचा नूरच पालटला, कारण तिथे ज्याला विचारायचे तो आपल्या अंगणात होता आणि अधिकारी पाहुणे होते.

पहिले वर्ष

त्या सभेत मूर्तीकारांनी मांडलेला प्रश्न वर्षातली सर्वांत फलदायी शिफारस ठरला. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट आहे. महापालिकेची स्थलांतराची यंत्रणा माणसांसाठी आहे आणि ती तशीच असावी. पण मूर्ती हलवायला माणसांपेक्षा जास्त वेळ लागतो, ओल्या मूर्ती हलवताच येत नाहीत आणि उंच जागा आयत्या वेळी मिळत नाही. शिफारस अशी झाली की पावसाळ्यापूर्वीच महापालिकेच्या ताब्यातील कोणते हॉल आणि मंडईचे कोणते वरचे मजले मालासाठी उघडायचे हे ठरवून ठेवावे, आणि पातळी इशाऱ्याला पोहोचण्याची वाट न पाहता, ती चढती असतानाच मूर्तीकारांना निरोप जावा. इस्टेट विभागाने मुदतीत उत्तर दिले, शिफारस अंशतः मान्य केली आणि शाळांच्या इमारती नाकारल्या, कारण त्या पूरग्रस्तांच्या निवाऱ्यासाठी लागतात. नकाराचे कारण लेखी आल्यामुळे त्यावर पुन्हा वाद झाला नाही.

महाद्वार रोडवरील मालाच्या गाड्यांच्या वेळेची शिफारस मात्र तिसऱ्या उत्तरात गेली: विषय वाहतूक पोलिसांकडे पाठवला आहे. तारीख होती, कार्यालयाचे नाव होते, आणि पुढे काही झाले नाही. उत्तराच्या कलमाची मर्यादा इथे कळते. ते महापालिकेच्या भिंतीबाहेर पोहोचत नाही.

गाळेभाड्याच्या विषयात तर समितीच अडकली. भाडे रेडीरेकनरच्या, म्हणजे मिळकतींच्या सरकारी मूल्यांकनाच्या, दराशी जोडण्याचा प्रश्न विषयपत्रिकेवर आला तेव्हा सभेला नऊ सदस्य हजर होते. नियमाप्रमाणे ज्यांचा स्वतःचा किंवा कुटुंबाचा गाळा होता ते पाच जण उठून बाहेर गेले, चार उरले आणि सातची गणपूर्ती मोडली. ज्या विषयात शहरातील व्यापाऱ्यांना सर्वांत जास्त रस होता त्यात समितीला तोंडच उघडता आले नाही. नियम पुढच्या सभेत सुधारण्यात आला: हितसंबंध असलेल्या सदस्याने तो जाहीर करून आपले म्हणणे आधी मांडावे, शिफारशीच्या वेळी बाहेर जावे, आणि गणपूर्ती सभेच्या सुरुवातीची धरावी. तरीही चार जणांच्या शिफारशीला किती वजन द्यायचे हा प्रश्न उरतोच. गाळेधारकांनी त्या शिफारशीची वाट न पाहता थेट आयुक्तांना निवेदन दिले, आणि ज्येष्ठ व्यापाऱ्यांनी बैठकीत दिलेला इशारा खरा ठरला.

संघटनांसाठी सहा महिन्यांतून एकदा आयुक्तांच्या उपस्थितीत मोठी सभा ठेवली होती, आणि ती त्यांचा मान राखण्यापुरतीच आहे हे सर्वांना समजले होते. पहिल्या सभेला गर्दी झाली, दुसऱ्या सभेला औद्योगिक वसाहतींकडून कोणी पदाधिकारी आले नाहीत. हद्दीबाहेरील उद्योगांना दिलेली एक जागा वर्षभर बहुतेक रिकामीच होती. पुनर्रचना करणाऱ्यांनी या नुकसानीचा अंदाज कमी केला होता असे माझे मत आहे. लहान समितीला गल्लीतले प्रश्न दिसू लागले, पण मुंबईत मंत्रालयाकडे जाणाऱ्या पत्रावर ज्यांच्या सहीमुळे उत्तर लवकर येते ती माणसे तिच्यापासून दूर गेली.

नव्या सभागृहापुढे जाणारा प्रस्ताव

2025 च्या अखेरीस निवडणुकीचा कार्यक्रम जाहीर झाला आणि सहा महिन्यांच्या अटीकडे सर्वांचे लक्ष गेले. इच्छुक उमेदवारांपैकी काहींनी समितीत नगरसेवकांना जागा हवी अशी मागणी आधीच सुरू केली होती. ती गैर नाही, कारण दर आणि भाड्याचे निर्णय शेवटी सभागृहाच्याच हातात असतात, आणि नगरसेवकांशिवाय झालेली शिफारस सभागृहात अनाथ होते. पण एका पक्षाला जागा दिली की पक्षीय बलाबलाचा हिशेब येतो आणि 13 चे 22 व्हायला एक सभा पुरते.

उपायुक्तांनी नगरसचिवांकडे दोन पर्याय दिले. पहिल्यात नगरसेवकांना सदस्यत्व न देता, कलम 31 खाली सभागृहाने नगरसेवकांची एक छोटी तदर्थ समिती नेमावी आणि तिने या सल्लागार समितीबरोबर वर्षातून ठरावीक वेळा संयुक्त बैठक घ्यावी, असे होते. दुसऱ्यात तीन नगरसेवकांना मतदानाशिवाय घेऊन हद्दीबाहेरील उद्योगांच्या जागा एकवरून तीनवर न्याव्यात आणि त्यांच्या विषयांसाठी जिल्हा उद्योग मित्र समितीशी वर्षातून दोनदा एकत्र बसावे, असे होते. पहिला पर्याय स्वच्छ आहे. दुसरा कोल्हापुरात टिकण्याची शक्यता जास्त आहे. टिपणाच्या शेवटी त्यांनी लिहिले होते की सभागृहाने सदस्यांच्या बाबतीत कोणताही निर्णय घेतला तरी 45 दिवसांत लेखी उत्तराचे कलम, नगरसचिव कार्यालयाकडील सचिवपद आणि कारागिरांची सोडत या तीन बाबी वेगळ्या ठरावाने आधी मंजूर करून घ्याव्यात, म्हणजे खुर्च्यांच्या वादात त्या अडकणार नाहीत.